दुसरी बरणी

“आला का जी कोड?”

“आला ना वं.”

“मंग सांगा ना! मुहूर्त पाहून राहिले काय?”

अमावस्येची सकाळ होती. माझी बायको गिरजा आत खाटेवर तिचा मोठा फोन घेऊन बसलेली, आणि मी बाहेर ओट्यावर माझा बटनाचा फोन नाकाला लावून. दर अमावस्येला ती फोनातले सगळे नंबर, सगळ्या तारखा उचलून तिच्या ईमेलात नेऊन ठेवायची. फोन गेला तरी माणसं जायला नकोत म्हणून. ईमेल उघडायच्या आधी तिकडून एक कोड यायचा, आकड्यांचा, आणि तो यायचा माझ्या फोनवर. तिनंच तसं लावून घेतलं होतं. म्हणजे मी ओट्यावर नसलो तर तिचं कुलूप उघडत नव्हतं.

“चार,” मी म्हटलं.

“चार.”

“सात. तीन. तीन. शून्य. नऊ.”

तिनं आकडे टाकले. मग फोन गुरगुरला. चुकीचं टाकलं की तो तसा गुरगुरायचा.

“शेवटचा खरा काय आहे?”

“सहा.”

“मंग नऊ काहून म्हटलं?”

“फोन उलटा धरला होता.”

“फोन नाई, तुमीच उलटे आहा. मायबापानं पाळण्यात उलटे निजवले असन.”

मी दर अमावस्येला एक आकडा चुकवायचो. तिला ते माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवराबायकोत असं काहीतरी लागतं, नाहीतर आज भाजी कोणती याच्यापुढं बोलणं जात नाही.

“पोचले,” ती आतून म्हणाली.

“कोण?”

“सारे जण. आन उद्या हुडकेश्वरले जायचं आहे, मंदाची बरणी न्याले. लोणचं मुरलं. मी लावून ठेवलं फोनात, वाजन तो सकाळी.”

आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. त्याच दुपारी चहा ठेवता ठेवता ती खाली बसली आणि उठली नाही. ते सांगतो पुढं. मरणात सांगण्यासारखं फार नसतं, ते सगळ्यांचं सारखंच. गिरजाचं जगणं मात्र दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.

ती उमरेडच्या विणकराची पोरगी. त्यांच्याकडे अमावस्येला माग बंद. बंद म्हणजे आराम नाही. त्या दिवशी माग झाडायचा, पुसायचा, तेल द्यायचं, हळदकुंकू लावायचं. तिचा बाप म्हणायचा, रोज राबणारी वस्तू महिन्यातून एक दिवस आपण बसवावी, नाहीतर ती आपल्याला बसवते. लग्न होऊन ती नागपुरात आली. आमच्याही घरी माग होता, पण आमच्या गल्लीतले माग एकेक करून थांबले आणि मी कळमन्याच्या बाजारात पोती उचलायला लागलो. मागाच्या जागेवर आता वॉशिंग मशीन आहे. पण अमावस्या काही तिच्या अंगातून गेली नाही. माग नाही तर शिलाईचं यंत्र बसवायची. ते बिघडलं तर पाटावरवंटा. मग फोन आला, तर फोन बसवायला लागली. ओल्या फडक्यानं पुसायचा, पाठीवर कुंकवाचं बोट, चार्जरच्या वायरलासुद्धा एक बोट. आणि नंबरांची नक्कल ईमेलात. ते होईपर्यंत फोनवर बोलायचं नाही. कोणाचा फोन आलाच तर एवढंच म्हणायची, “आज अमावस्या आहे, बसले आहे. उद्या कर.” पलीकडच्याला वाटायचं ती माझ्या उशाशी बसली आहे, मीच आजारी पडलो आहे. दुसऱ्या दिवशी दोघंतिघं केळी घेऊन मला पाहायला यायचे.

केळी मी खायचो.

तिची आणखी एक रीत होती, दुसऱ्या बरणीची. लोणचं घातलं की बरण्या दोन भरायच्या. एक आमच्या फळीवर, दुसरी हुडकेश्वरला तिच्या धाकट्या बहिणीच्या, मंदाच्या घरी. मंदाचीही एक बरणी आमच्याकडे. “एका घरातलं लोणचं म्हणजे नसल्यासारखं,” ती म्हणायची. “बुरशी येते, मांजर येते, तुमचे भाऊ येतात.” हे लोणच्यापुरतं नव्हतं. मिरच्यांचं बी दोन घरी. तुळशीचं रोप दोन घरी. आमच्या लग्नाचा फोटोही दोन घरी. आमच्याकडच्या फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत, मंदाकडच्यात उघडे. चांगला फोटो बहिणीकडे का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणे, घरी तर उघड्या डोळ्यांचे तुम्ही मला रोजच दिसता.

मी म्हटलं, “मंग माझीबी एक नक्कल ठेव मंदाकडं.”

“कोण सांभाळन? एकच भारी पडते.”

हे ध्यानात ठेवा. पुढं लागेल.

तिला पहिला मोठा फोन आमच्या प्रकाशनं, म्हणजे मुलानं घेऊन दिला. चांगला वर्षभर चालला. मग एका मे महिन्यात ती सुती लुगड्यांना खळ देत होती. तांदळाची पेज पातळ करायची आणि त्यात लुगडं बुडवून पिळायचं, म्हणजे वाळल्यावर ते कडक होतं. फोन कमरेला खोचलेला. ती बादलीवर वाकली आणि फोन पेजेत गेला. लोक ओला फोन तांदळात ठेवतात म्हणे. हिचा आधीच तांदळात होता. दुसऱ्या कोणी तो कोणा जाणत्याला दाखवला असता. गिरजा विणकराची पोरगी, खळीतून काढलेल्या वस्तूचं काय करायचं ते तिला पाठ होतं. तिनं फोन काढला, झटकला आणि लुगड्याशेजारी तारेवर चिमट्यानं अडकवून दिला. नागपूरचं मे महिन्याचं ऊन. संध्याकाळी फोन पापडासारखा फुगला होता आणि त्याच्या भोकाभोकात पेज वाळून बसली होती.

“कडक झाला,” मी म्हटलं. “आता इस्त्री कर.”

ती हसली नाही. खाली बसली आणि म्हणाली, “अवो, माझी माणसं गेली सारी.”

तेव्हा मला कळलं की हे काम गमतीचं नाही. माझ्या बटनाच्या फोनात तीनच नंबर, गिरजा, प्रकाश आणि मंदा. तिच्या फोनात मात्र गाव होतं. भांडी घासायची राख विकणारी, दवाखान्यात शेजारच्या खाटेवर भेटलेली, कुठल्या लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली. एकदा बोलली की नंबर घ्यायची.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन ती निघाली. मी पिशवी धरायला. आधी हुडकेश्वर, मग एसटीनं उमरेड, तिथून गल्लीगल्लीनं. न कळवता कोणी दारात आलं तर आपल्याकडे माणसाच्या मनात एकच येतं. उमरेडला तिच्या आत्तेबहिणीनं आम्हाला पाहिलं आणि हातातली परातच सोडली.

“गिरजे! कोण गेलं वं?”

“कोणी नाई गेलं. नंबर गेले.”

“कोण नंबर?”

“तुझाच सांग आधी.”

“माय वं, माझा मले कुठं पाठ आहे! मी काय मले फोन करतो?”

घरोघरी हेच. स्वतःचा नंबर कोणालाच पाठ नाही. मग शेजारणीला बोलवा, तिच्या फोनात पाहा, तोपर्यंत चहा. चहा झाला की शेजारणीचाही नंबर घ्या. येताना एसटीच्या कंडक्टरनं तिला खिडकीची जागा दिली, तर त्याचाही घेतला. गाडी सुटली का नाही ते घरून विचारता येते म्हणून. ती फिरती संपली तेव्हा तिच्याकडे आधीपेक्षा जास्त माणसं होती आणि माझं पोट चहानं बिघडलं होतं.

आमच्या चौकात इरफानचं फोनचं दुकान आहे. नवा फोन घ्यायला गेलो तेव्हा त्यानं ही सगळी हकिकत ऐकली आणि कपाळाला हात लावला.

“काकू, दर वेळी उमरेडले जाणार काय? ईमेलमध्ये एक कॉपी ठेवून द्या ना. फोन फुटू द्या, हरवू द्या. नव्या फोनात ईमेल उघडलं, की सब वापस.”

“वापस म्हणजे? नाव तेच? नंबर तोच?”

“जैसे के वैसे. तारखाबी.”

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “दुसरी बरणी.”

“कौनसी बरणी?” इरफान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला वाटीभर लोणचं नेऊन दिलं आणि बरणीचं सगळं समजावलं. आता तो दुकानात येणाऱ्या बायांना तसंच सांगतो. बायांना लवकर कळतं.

तर असं तिचं ईमेल निघालं. ईमेल पाठवायलाही शिकली. पाठवलं की लगेच फोन करायची, “पोचलं का?” पलीकडून विचारायचे, काय लिहिलं आहे? तर ही फोनवरच सगळं सांगून टाकायची. मग ते वाचायची कोणाला गरज राहत नव्हती.

पासवर्ड तिनं अर्धा मला सांगितला आणि अर्धा मंदाला. पूर्ण कोणालाच नाही. मी म्हटलं, माझ्यावर भरवसा नाही काय? म्हणाली, भरवसा आहे, पण तुम्ही एका घरात आहात. कुठं लिहायचा नाही अशी ताकीद. माझा अर्धा मला पाठ होता. इथं सांगणार नाही, अजून तोच चालू आहे.

आता वेणूवैनीची गोष्ट सांगतो. वेणूवैनी माझ्या मोठ्या भावाची बायको, म्हणजे गिरजाची जाऊ. तोंडाची तिखट. एका बारशाला सगळ्या बायांसमोर तिनं म्हटलं की गिरजाच्या सांबारवडीत सांबार शोधावा लागतो, नुसतं बेसन. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि सांबारवडीवरून बोलणं म्हणजे माहेरावरून बोलणं. गिरजा बारसं आटोपेपर्यंत थांबली. घरी येऊन चपलाही न काढता फोन हातात घेतला.

“वेणूले काढली मी.”

“घरातून?”

“फोनातून.”

मोठी शिक्षा होती ती. वाढदिवसाचा फोन नाही, संक्रांतीचा नाही. पुढं उन्हाळ्यात हिचा फोन पुन्हा बिघडला. ईमेलातून सगळं नव्यानं उतरवून घेताना तिनं चुकून जुनी नक्कल उतरवली. भांडणाच्या आधीची. संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती नावं पाहत होती. एकदम थांबली.

“अवो, हे बाई इथं कशी?”

पाहतो तर वेणूवैनी. जशीच्या तशी.

“काढ पुन्हा,” मी म्हटलं.

“हाव.” बोट उचललं तिनं, धरून ठेवलं, मग खाली ठेवलं. “आता वापस आली तर मी कोण काढणारी? दारातल्या माणसाले कोणी असं काढते काय?” आणि नंबर लावला. “वेणू? मी गिरजा. तू वापस आली वं.”

“मी कुठं गेली होती?” वेणूवैनीचा आवाज मला ओट्यापर्यंत ऐकू आला.

“ते जाऊ दे. सांबारवडी कशी करतं तू, सांग. किती सांबार टाकतं?”

पुढं कितीतरी वेळ दोघी बोलत होत्या. त्यानंतर आमच्या घरची सांबारवडी हिरवीगार व्हायला लागली. वेणूवैनी बरोबर होती. पण हे मी गिरजाला कधी म्हटलं नाही, मला घरात राहायचं होतं.

फोनातल्या तारखा म्हणजे तिचं दुसरं राज्य. कॅलेंडरात ती हुकूम लिहून ठेवायची आणि वेळ आली की फोन तो वाजवून दाखवायचा. ‘यांच्या पायाचे नखं.’ ‘प्रकाशचे केस, पंखा पुसून झाल्यावर.’ पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हाचं असं होतं: ‘मारबत पाहायले जाणे. यांना नेऊ नये, गर्दीत भांडतात.’ हे मी वाचलं आणि भांडलो. मग मला घेऊन गेली. गर्दीत एकाशी भांडण झालं, तेव्हा तिनं तिथंच फोन काढून मला ती ओळ दाखवली.

वाढदिवस सगळ्यांचे होते. दिवस उजाडायच्या आत फोन लावायची. “उठ वं, आज तुझा वाढदिवस आन तू झोपून राहिली?” राख विकणाऱ्या बाईला तिचा वाढदिवस माहीत नव्हता. गिरजानं तिला एक देऊन टाकला, दसऱ्याच्या आसपासचा. ती बाई दर वर्षी वाट पाहायची.

त्या दुपारचं सांगतो आता.

चहा ठेवला, साखरेचा डबा काढायला वळली, आणि “अवो” म्हणून भिंतीला टेकून बसली. कमरेचा फोन फरशीवर पडला. डॉक्टर आले तोपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. चहा उतू गेला होता, गॅस सुनेनं बंद केला.

मी तिच्याजवळ बसून राहिलो. शेजारचे आले, भाऊ आला. उन्हाचे दिवस, सकाळी ऊन चढायच्या आत न्यायचं असं ठरलं. तेव्हा प्रकाश हातात तिचा फोन घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. काच फुटून फोन काळा पडला होता, सुरू होत नव्हता.

“बाबा, आईच्या लोकाइले कसं कळवायचं? नातेवाईक सांगतो मी. पण बाकीचे? मले तर नावंबी माहीत नाई.”

मला तेव्हा पहिल्यांदा घाबरल्यासारखं झालं. ती गेली तेव्हा नव्हतो घाबरलो, तेव्हा कळतच नव्हतं. पण तिच्या माणसांशिवाय तिला न्यायचं? जी बाई राखवालीचा वाढदिवस करायची, तिच्यामागे आम्ही घरचे दहाजण चालायचं? असं नेलं असतं तर ती उठून बसली असती आणि मला विचारलं असतं, बाकीचे कुठं आहेत?

“दुसरी बरणी,” मी म्हटलं.

प्रकाशला वाटलं मी बरळतो आहे. मी म्हटलं, “ईमेल. आजच ठेवलं तिनं, सकाळीच. सारे जण पोचले म्हणाली. तुझ्या फोनात उघड.”

“पासवर्ड?”

“अर्धा माझ्याकडं आहे.”

मंदाला मघाशीच कळवलं होतं, ती ऑटोत होती. बटनाच्या फोनवरून मी तिला लावलं. नुसता रडण्याचा आवाज.

“मंदा, तुझा अर्धा सांग.”

“काय अर्धा, भाऊजी? माझी बहीण पुरी गेली!”

“पासवर्ड वं. तिची माणसं अडकली आहे आत.”

“थांबा. मले रडू द्या आधी, रडताना नाई आठवत मले.” ती रडली. मी थांबलो. मग नाक शिंकरून तिनं एकदम सांगितला, अक्षर अक्षर तोडून, वर्गात कविता म्हणतात तसा. ऑटोवाल्यानंही ऐकला असेल. ऐकू दे, अर्धाच होता.

प्रकाशनं दोन्ही अर्धे जोडले. माझ्या खिशात फोन वाजला.

“आला का कोड, बाबा?”

मी फोन नाकाला लावला. आत तिच्या उशाशी बाया बसल्या होत्या. मी आकडे वाचले. एकेक, सरळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुलूप एका दमात उघडलं. माझ्या हातून पहिल्यांदाच.

आणि मग सगळे जण उतरले. प्रकाशच्या फोनात नावं खालून वर सरकायला लागली आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“बाबा, ‘फक्त मिस कॉल’ कोण आहे?”

“तिचा मामेभाऊ. चिंगूस.”

“‘लांबण लावते’?”

“दवाखान्यातली. आधी सांगून टाक, मंग ऐक.”

“‘ओरडून बोलणे’?”

“पेंटरची आई, तिले ऐकू येत नाई.”

“‘उमरेड गाडी खिडकी’?”

“कंडक्टर.”

“‘बेसन बरोबर सांगते’?”

“ते तुझी मोठी आई.” वेणूवैनी तिथंच भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. आधी वाटलं रडते आहे. खांदे हलत होते, पण ती हसत होती. मग रडलीही. सुनेनं स्वतःला शोधलं, तिथं लिहिलं होतं, ‘सूनबाई, आधी हसते मग बोलते’. सून हसली आणि मग काही बोलू शकली नाही. मरणाच्या घरी असं हसू यावं का, हे मला सांगता येत नाही. पण गिरजा आत निजली होती आणि घरात तिचंच बोलणं चालू होतं.

प्रकाश फोन लावत गेला, मी कोण कोण ते सांगत गेलो. ‘ओरडून बोलणे’ला प्रकाशनं ओरडून सांगितलं तेव्हा गल्लीतही ज्यांना कळायचं राहिलं होतं त्यांना कळलं.

सगळं होत आल्यावर प्रकाश म्हणाला, “बाबा, हा फोन म्हणतो का एक माणूस दोनदा आहे. एक ठेवून एक काढू काय?”

“कोण आहे?”

त्यानं दाखवलं. ‘कोडवाले.’ त्याच्याखाली ‘कोडवाले २.’ दोन्हीपुढं नंबर एकच, माझा.

साऱ्या फोनात तिनं एकेकच माणूस ठेवलं होतं. मंदा एक, मुलगा एक, सून एक. एकच भारी पडते म्हणणारीनं मला मात्र दोनदा ठेवलं होतं.

“हात लावू नको त्याले,” मी म्हटलं.

सकाळी अंगणात उभं राहायला जागा नव्हती. उमरेडची पहिली गाडी भरून आली होती, कंडक्टर त्या दिवशी रजा टाकून प्रवासी म्हणून आला होता. इरफान दुकान बंद ठेवून खुर्च्या मांडत होता. राखवाली फाटकाशी उभी होती, आत यायला लाजत होती, वेणूवैनीनं तिला हाताला धरून आत आणलं. फक्त मिस कॉलवालाही आला. जो तो दुसऱ्याला विचारत होता, तुम्ही गिरजाबाईचे कोण? आणि जो तो सांगत होता, कोणी नाही, तिनं माझा नंबर घेतला होता.

आता उचलायचं, एवढ्यात प्रकाशच्या खिशात फोन वाजला. तिचाच हुकूम, नंबरांसोबत तारखाही उतरल्या होत्या.  प्रकाशनं फोन काढून पाहिला आणि माझ्यापुढं धरला.

‘बरणी. मंदा. आजच.’

मी उठलो आणि आत गेलो. फळीवर दोन बरण्या होत्या. दोन्हींच्या तोंडाला तिनं दादरा बांधला होता, धुतलेल्या धोतराचं फडकं. तुटलेला धागा जोडताना विणकर मारतात ती बारीक गाठ. मागची बरणी उचलून मी बाहेर आलो.

“अवो, सुतकात लोणच्याले हात लावते काय कोणी?” मागून एक म्हातारा म्हणाला.

“बांधलेली आहे,” मी म्हटलं. “तिनंच बांधली, काल.”

तो आणखी काही बोलणार होता. वेणूवैनी त्याच्याकडे वळून म्हणाली, “बावाजी, तुमी बसा गुमान.” मग मला म्हणाली, “दोन्ही हातानं धरा, पाडान.”

मंदा गिरजाच्या पायाशी बसली होती. मी बरणी तिच्यापुढं केली.

“भाऊजी, आत्ता?”

“तिनं आजच लिहिलं आहे वं. उन्हात ठेवू नको.”

मंदानं डोळे पुसले, बरणी घेतली आणि पदराखाली कडेवर धरली. मी माझा बटनाचा फोन खिशात आहे का ते चाचपून पाहिलं. होता. मग प्रकाशला म्हटलं, “सारे जण पोचले. चला.”